मासे वर आले की पावडर घेऊन पळू नका: शेततळ्यातल्या या चुका टाळा

मासा जरा सुस्त दिसला की लोक खताच्या दुकानात जातात, "मासं मरायलेत, कायतर द्या" म्हणतात आणि टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची पावडर घेऊन येतात. हे बघून बघून मी लई कंटाळलोय.

दोन पावसाळ्यांमागं करवीर तालुक्यात आमच्या पाहुण्यांच्या तळ्यावर हेच झालं. चार दिवस आभाळ, ऊन नाही, तरी खाद्य रोजच्याएवढंच. पहाटे राहू-कटला तोंड वर काढून धापा टाकायला लागले, यांनी पावडर फेकली, दुसऱ्या दिवशी अजून मेले, परत पावडर. मी गेलो तर मासे पाईपचं पाणी पडतं तिथंच गोळा झालेले. म्हणजे ऑक्सिजन कमी, रोग नव्हताच! खाद्य बंद केलं, रात्रभर पाणी उंचावरून पाडलं, दोन दिवसात मरतूक थांबली. पण पावडर चिखलात उतरली, तिथले जंतू तिला सरावले, उद्या खरा रोग आला तर ती चालंलच असं नाही.

मी आधी वेळ बघतो. पहाटे सगळे एकदम वर आले तर पाण्यात हवा कमी, अंग घासत असतील तर माशाच्या अंगाला चिकटणाऱ्या उवा, आणि उवा अँटिबायोटिकनं मरत नाहीत.

औषध दिल्यावर आठवड्यात जाळं टाकणं, ही तर लोकांच्या ताटाशी खेळ. 2012 पासून औषध नियमात आहे, लेबलवर थांबायचा काळ पाहिजे आणि तो सिद्ध केलेला नसंल तर माशाला किमान 500 डिग्री-दिवस, म्हणजे पाण्याचे अंश गुणिले दिवस. पाणी 25 अंश असंल तर 20 दिवस, थंडीत 20 अंशाला 25 दिवस. व्यापारी दारात उभा असला तरी थांबायचं.

"हे नियम कोळंबीवाल्यांना" असं म्हणू नका. 2005 चा कायदा किनारपट्टीच्या मत्स्यशेतीचा, खरंय, पण जंतू औषधाला सरावू नयेत म्हणून केलेल्या 2017 च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात मासे पण होते, आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर 2019 ची बंदी मत्स्यशेतीला पण आहे. माझं मत विचाराल तर असल्या आराखड्याचा पैसा आधी तालुक्याला मासा तपासून देणाऱ्या लॅबवर जावा, नायतर शेतकरी दुकानदारालाच विचारणार.

अर्धा डोस नको, शेजाऱ्याचं उरलेलं औषध नको. औषधाचं पाणी ओढ्यात सोडू नका, ओढा पंचगंगेला जातो.