इलियडमध्ये कोण कशासाठी लढतंय हे कसं शोधायचं

ट्रॉयचं युद्ध कशामुळे झालं असं विचारलं की सगळे ग्रीक राजा मेनेलाउसच्या पळवून नेलेल्या बायकोचं, हेलनचं नाव घेतात आणि विषय तिथेच संपतो. पण इलियड हे होमरचं ग्रीक महाकाव्य नीट वाचलंत तर दिसेल की प्रत्येक वीराचं कारण वेगळंय आणि ते होमर त्याच्याच तोंडून सांगतो, आपण फक्त ते टिपत जायचं.

त्यासाठी पहिल्या वाचनात मारामारीची वर्णनं भरभर वाचली तरी चालेल, भाषणं मात्र एकही सोडू नका. प्रत्येक भाषणाला वहीत तीन गोष्टी लिहा: कोण बोलतोय, कोणासमोर बोलतोय आणि त्याचं काय गेलंय किंवा त्याला काय हवंय. यातलं 'कोणासमोर' सगळ्यात महत्त्वाचं, कारण या लोकांचा मान मनातल्या मनात नसतो, तो चारचौघांत मिळतो, लुटीतल्या वाट्यातून दिसतो आणि म्हणूनच तो काढूनही घेता येतो.

पहिला सर्ग याच नजरेने वाचा. ग्रीक सैन्याचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉनला लुटीत मिळालेली बंदिवान क्रिसेइस परत द्यावी लागते आणि तो सगळ्या सैन्यासमोर सगळ्यात शूर ग्रीक वीर अकिलीसच्या वाट्याची बंदिवान ब्रिसेइस घेतो. तिथे अकिलीस स्पष्ट म्हणतो की ट्रोजनांनी (ट्रॉयच्या लोकांनी) माझं काहीच वाईट केलेलं नाही, माझी गुरं नेली नाहीत की घोडे नेले नाहीत, मी आलो तुमच्या मानासाठी. आता बघा, ज्या मानासाठी तो आला त्यातच त्याचा अपमान झाला, मग तो लढेल कशाला? (त्या दोघी बायकांना कोणी काही विचारत नाही हेही वहीत लिहा, मला ते फार लागतं.)

मग थेट बाराव्या सर्गात जा. तिथे ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिशियाचा राजा सार्पेडन त्याच्या सोबत्याला, ग्लॉकसला विचारतो की लिशियात आपल्याला मानाची जागा, चांगलं मांस, भरलेले पेले, जमीन हे सगळं का मिळतं? तर आपण पुढे उभं राहून लढावं म्हणून. आणि पुढे म्हणतो, आपण कधी मरणारच नसतो तर मी पुढच्या रांगेत लढलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. माझ्या मते अख्ख्या काव्यात लढण्याचं कारण इतकं सरळ कोणीच सांगत नाही.

ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याचं कारण सहाव्या सर्गात आहे, त्याची बायको आंद्रोमाखी थांब म्हणते तेव्हा. ट्रॉय पडणार हे त्याला माहितीये, तरी तो जातो, कारण मागे राहिलो तर ट्रॉयच्या बायापुरुषांना तोंड कसं दाखवू. त्याच सर्गात ग्लॉकस आणि ग्रीक वीर डायोमिडीस हे शत्रू लढायचे थांबतात, कारण त्यांच्या आजोबांचं पाहुणचाराचं नातं होतं. इथे हेक्टरचा भाऊ पॅरिस आठवा, तो मेनेलाउसच्या घरी पाहुणा होता आणि त्याचीच बायको हेलन घेऊन गेला, म्हणजे त्याने यजमानालाच फसवलं, आणि पाहुणचाराची राखण खुद्द देवांचा राजा झ्यूस करतो.

नववा सर्ग सावकाश वाचा, घाई केलीत तर मुद्दा हातून जाईल. अकिलीसने परत लढावं म्हणून अ‍ॅगमेम्नॉन 7 तिवया, 10 टॅलेंट (वजनाचं जुनं माप) सोनं, 20 कढया, 12 घोडे, 7 शहरं असं बरंच काही देऊ करतो, पण स्वतः येत नाही आणि अकिलीसने माझ्यापुढे नमावं असंही शेवटी म्हणतो. अकिलीसकडे निरोप घेऊन गेलेला ग्रीक वीर ओडिसियस नेमकं तेवढंच गाळतो. मूळ बोलणं आणि ओडिसियसने सांगितलेला निरोप शेजारी शेजारी ठेवून वाचा. अकिलीस तरीही नाही म्हणतो, कारण भित्रा आणि शूर दोघांना सारखाच मान मिळत असेल तर जीव कशासाठी द्यायचा हा प्रश्न त्याला पडलाय, आणि गेलेला जीव परत मिळवता येत नाही हेही तो बोलून दाखवतो. जिवलग मित्र पॅट्रोक्लसला हेक्टरने मारल्याचं कळल्यावर, म्हणजे अठराव्या सर्गापासून, त्याचं कारणच बदलतं, आता त्याला फक्त हेक्टर हवाय, भेटवस्तू आल्या काय नि नाही आल्या काय.

हे सगळं वापरून बघायचं असेल तर तेविसाव्या सर्गातली रथांची शर्यत घ्या. अँटिलोकस हा तरुण ग्रीक वीर लबाडीने मेनेलाउसच्या पुढे जातो, बक्षिसाच्या घोडीवरून भांडण पेटतं, आणि मग धाकटा नमतं घेतो तर थोरला घोडी त्यालाच देऊन टाकतो. पहिल्या सर्गातलं भांडण का मिटलं नाही आणि हे का मिटलं, ते आपापल्या वहीवरून शोधा.