कोर्दोबाची मेस्किता फुकट बघायची असेल तर सकाळी लवकर उठा

स्पेनमधल्या कोर्दोबाला जाणारे बहुतेक जण मेस्किता-कॅथेड्रल (जुनी मशीद, जिच्या आत पुढे कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च उभं राहिलं) दुपारी बघतात: तिकिटाला दहा युरोंहून जास्त पैसे, वर गर्दी. सोमवार ते शनिवार सकाळी 8:30 ते 9:30 प्रवेश मोफत असतो. मोठ्या गटांना या वेळात आत सोडत नाहीत, त्यामुळे आत खरोखर शांतता मिळते.

1. आदल्या रात्री मुक्काम कोर्दोबातच करा. सेव्हिया (सेव्हिल) शहराहून पहाटे निघून गाठू म्हणाल तर धावपळच होते.

2. सव्वाआठपर्यंत मेस्कितेच्या आवारातल्या संत्र्याच्या झाडांच्या अंगणात पोहोचा. (हे अंगण एरवीही फुकटच.)

3. आत शिरल्यावर मधल्या कॅथेड्रलपाशी रेंगाळू नका. लाल-पांढऱ्या कमानींखालून थेट समोरच्या, दक्षिणेकडच्या भिंतीशी जा. तिथे दहाव्या शतकातला मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) आहे, सोनेरी मोझॅकने मढवलेला. दिवसा त्याच्या जाळीपुढे माणसांची भिंत असते. सकाळी तुम्ही आणि चार-पाच जण. माझी निम्मी वेळ तिथेच गेली आणि त्याचं दुःख नाही.

4. मग परत फिरून सोळाव्या शतकातलं कॅथेड्रल बघा. मशिदीचं पोट फाडून मधोमध उभं केलंय, पटो न पटो.

घंटाघराचं तिकीट वेगळं, ते यात येत नाही.

एक सांभाळा: साडेनऊच्या थोडं आधीच बाहेर काढायला सुरुवात होते, आणि रविवारी ही सवलत नसते. सणावारी वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ बघून घ्या.