शेडमध्ये घालता-काढता येणारं लाकडी बास्केटबॉल कोर्ट

पोरीला बास्केटबॉलचं वेड लागलं आणि आमच्याकडे जागा म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, तीही दसऱ्यानंतर सोयाबीनच्या पोत्यांना लागते, म्हणून फ्लोअर पॅनलचाच, म्हणजे सुट्या चौकोनी तुकड्यांचाच करायचा ठरवलं. अमेरिकेतल्या बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा तो जुना प्रसिद्ध फ्लोअरसुद्धा पॅनलचाच होता आणि महायुद्धानंतर लाकडाची टंचाई होती म्हणून 1946 साली ओकच्या उरलेल्या तुकड्यांतून बनवला होता, मग आपल्याला का जमू नये!

आधी मापं घ्या. रिंग 3.05 मीटरवर असते पण बोर्डाची वरची कड जाते 3.95 मीटरला, शिवाय बॉल त्याच्याही वरून येतो, त्यामुळे छत 17-18 फूट तरी हवं. फ्री थ्रो लाईन (जिथून फाऊलनंतर मोकळा शॉट मारतात) एंडलाईनपासून, म्हणजे रिंगमागच्या कोर्टाच्या कडेपासून 5.8 मीटर म्हणजे 19 फूट, तिच्यामागे उभं राहायलाही जागा लागते, म्हणून मी 20 बाय 24 फूट धरलं, 4 बाय 4 ची 30 पॅनल. थ्री-पॉइंटची लाईन (जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) यात बसत नाही. 8 बाय 4 ची पॅनल करू नका, 4 बाय 4 चंच 35 किलोच्या आसपास भरतं.

लाकूड जुनं सागवान घ्या, पाडलेल्या वाड्यांचे वासे वखारीत मिळतात. मोठ्या कोर्टांना मेपल वापरतात, ते जास्त कडक असतं खरं, पण ओलं लाकूड पूर्ण सुकलं की मेपल आडवं जवळपास 10 टक्के आकसतं आणि सागवान 6 च्या आत, आपल्या पावसाळ्यात हाच फरक कामाला येतो. चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. मिलमधून 15 मिमी जाडीच्या, 3 इंच रुंद, टंग-ग्रूव्हच्या (एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या) पट्ट्या काढून घ्या आणि शेडमध्येच दोन-तीन आठवडे हवेशीर रचून ठेवा.

पॅनलला खाली 12 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर 9 मिमीचा, पण वरचा दोन बाजूंना 2 इंच सरकवून. म्हणजे दोन कडांना खालचा ओठ बाहेर राहतो, उरलेल्या दोन कडांना वरचा, आणि शेजारचं पॅनल त्यावर बसतं. मग वरून एम-6 चे (6 मिमीचे) काउंटरसंक, म्हणजे डोकं लाकडात बुडणारे अॅलन बोल्ट, आणि ते आवळायला खालच्या प्लायला टी-नट, म्हणजे लाकडात ठोकून बसवायचे नट. बोल्टचं डोकं लाकडात नीट बुडलंच पाहिजे. प्लायखाली दर फुटावर 10 मिमीचे रबर पॅड, ओठाखालीसुद्धा. पट्ट्या टंगमधून तिरक्या खिळ्यांनी ठोका, फेविकॉलने पूर्ण चिकटवू नका, लाकडाला हलायला जागा लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी नुकसान करून शिकलो. पहिलं पॅनल मे महिन्यात केलं, पॉलिश फक्त वरून मारलं, जुलैत बघतो तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा वर आलेल्या, हात फिरवला की पन्हळी पत्र्यासारखं लागत होतं. खालून ओल पिऊन लाकूड फुगलं होतं. म्हणून पट्टी ठोकायच्या आधी खालच्या बाजूला आणि कडांना पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) हात द्याच, प्लायलाही द्या. वरून घासून एक हात, मग 5 सेंटीमीटरच्या लाईनी रंगवायच्या, मग पीयूचे अजून दोन हात.

पॅनल बसवायच्या आधी शेडच्या कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून एक दिवस ठेवा, खाली थेंब दिसले तर कोबा ओला आहे, अजून थांबा. कोब्यावर 10 फुटाची सरळ मोजपट्टी ठेवली तर तिच्याखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट नको. जाड प्लास्टिक अंथरा, एका कोपऱ्यातून सुरुवात करा, भिंतीपाशी अर्धा-पाऊण इंच सोडा. सगळं बसलं की फूटभर अंतराने बॉल आपटत फिरा, जिथे धप्प आवाज येऊन बॉल कमी उसळतो तिथे खाली पॅड टेकलेला नसतो, तेवढं पॅनल उचलून रबराचा पातळ तुकडा सरकवा.

काढताना उलट्या क्रमाने काढा, प्रत्येकाच्या पाठीवर नंबर टाकून ठेवा. रचायचं आडवं, पॉलिशची बाजू पॉलिशला आणि मध्ये जुनी चादर. भिंतीला टेकवून ठेवलं तर बाक येतो.