वढवाण्याला जाताय? मग या चुका टाळा

बडोद्यात जरा थंडी पडली की आमच्या दांडिया बाजारच्या घरात कोणीतरी म्हणतंच, चला रविवारी वढवाणा तलावावर जाऊ. आणि दरवेळी निम्मी मंडळी चौपाटीला निघाल्यासारखी येतात, बॉल काय, स्पीकर काय, एक भाचा तर चक्क पोहायचे कपडे घेऊन आलेला. अरे बाबा, डभोईच्या पुढचं ते तळं सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१० च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं. लांबलचक पाळ म्हणजे मातीचा बांध, पाणी आणि हिवाळ्यात पाण्यावर हजारो पक्षी, त्यांच्यामुळेच २०२१ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आरामात नाश्ता करून निघणं. अकरा-बाराला पोचलात की ऊन डोळ्यावर, पाणी नुसतं चकाकतंय आणि पक्षी लांब मधोमध ठिपक्यांसारखे बसलेत, मग पोरं म्हणणार इथे तर काहीच नाही! अंधारातच निघा, सूर्य वर यायच्या आत पाळीवर पाहिजे. डोक्यावर काळे पट्टे असलेले ते हंस, जे हिमालय ओलांडून येतात, ते उजाडताना आणि संध्याकाळी थव्याथव्याने शेतं आणि तळं यांच्यात ये-जा करतात, तो कलकलाट ऐकायचा म्हणून तर जायचं. उशीर झालाच तर हट्टाने उन्हात बसू नका, डभोईत मागे या, हीरा भागोळ या जुन्या वेशीचं कोरीवकाम बघा, जेवा आणि चार वाजता परत जा.

आता माझीच एक फजिती सांगतो. मागे एकदा पाणी उतरलं होतं, काठाची जमीन वरून मस्त वाळलेली, भेगा पडलेली, म्हटलं गाडी खाली सावलीत लावू. दहा फूट गेलो नाही तोच पुढची चाकं बसली. तळ्याचा गाळ असाच असतो, वर पापडी आणि खाली लोणी. त्यात मी अॅक्सिलरेटर दाबत राहिलो, त्याने चाक आणखी खोल गेलं. अशा वेळी रेस द्यायची नाही, सगळ्यांना खाली उतरवायचं, चाकामागची माती हाताने काढून पायपुसणी किंवा वाळक्या फांद्या घालायच्या आणि हळूहळू रिव्हर्स घ्यायचा, कारण मागची जमीन तरी घट्ट असते हे आपल्याला माहीत असतं. आमचं तेवढ्यानेही भागलं नाही, शेवटी गावातल्या एका भाईने ट्रॅक्टरने ओढून काढली, पैसे घेईना, वर चहा पाजला. बायको अजून ऐकवते.

पाय पाण्यात सोडून बसायचा मोह पण आवरा. गाळात पाय अडकतो, आणि कुठे खोल आहे ते वरून कळत नाही. शिवाय आपण बडोदेकर, विश्वामित्री नदीतल्या मगरी २०२४ च्या पुरात रस्त्यावर आलेल्या बघितल्यात ना? आजवा तलावातही आहेत. या भागातल्या कुठल्याही तलावावर काठापासून दोन पावलं मागेच बसायचं, हे आमच्या आजीपासूनचं आहे.

खाण्याचं म्हणाल तर सेव उसळ तिथे नेऊ नका, अख्ख्या गाडीला रश्शाचा वास आणि पाव लगद्यासारखे. दशम्या, थेपले, कोरडी बटाट्याची भाजी, बस. लिल्या (ओलसर) चिवड्याची पिशवी उघडी ठेवलीत तर वाऱ्याने सरळ पाण्यात, म्हणून डब्यात न्या. आणि पक्ष्यांना गाठिये टाकायचे नाहीत, तळलेलं आणि खारट त्यांचं खाणं नाही, पाहुण्याला आग्रह करायची आपली सवय इथे नको.

भडक लाल-पिवळे कपडे घातले किंवा पाळीवर उभं राहून हातवारे केले की जवळचा थवा उठतो आणि तासभर परत येत नाही. असं झालं तर पाठलाग करू नका, एका जागी गप्प बसा. पंधरा-वीस मिनिटांनी निदान काळे, पांढऱ्या कपाळाचे ते पक्षी तरी सरकत जवळ येतात, ज्यांना आपण वारकरी म्हणतो आणि गुजरातीत भगतडुं, दोन्ही भाषांना भक्तच कसा दिसला कोण जाणे! आमचा स्पीकरवाला भाचा आता दुर्बीण मागून घेतो आणि तेच मोजत बसतो.