हायकोर्टात नवा जज आला की आडनावाआधी काय बघायचं

नव्या जजची बातमी आली की आपल्या गोव्यात पहिला प्रश्न ठरलेला, आपला की त्यांचा? 2011 च्या जनगणनेत इथे साधारण 66 टक्के हिंदू, 25 टक्के ख्रिश्चन, 8 टक्के मुस्लिम, त्यामुळे हिशेब मांडायचा मोह होतोच. मांडा, पण नीट मांडा.

पर्वरीला आज कोण बसलंय ते मोजून काही कळत नाही. आपल्याला वेगळं हायकोर्ट नाही, 1982 पासून मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आहे, इथे कोणी बसायचं ते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात आणि जज येतात जातात. मोजायचंच तर अख्खं मुंबई हायकोर्ट घ्या, मंजूर पदं 94, आणि गोव्यातून वर कोण गेलं ते वेगळं बघा. फर्दिनो रिबेलो इथलेच, मुंबईत जज होते, 2010 मध्ये अलाहाबादचे मुख्य न्यायमूर्ती झाले.

मग नाव कुठून कुठे जातं ते समजून घ्या. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन सीनियर जज नाव सुचवतात, राज्य सरकारचं मत, आयबीचा म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याचा रिपोर्ट, सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम म्हणजे सरन्यायाधीश आणि सीनियर जजांची निवड समिती, शेवटी राष्ट्रपती. अनुच्छेद 217 ला नागरिकत्व आणि दहा वर्षांची वकिली किंवा न्यायसेवा लागते, धर्माचा कॉलम नाही, आरक्षण नाही. सरकार अल्पसंख्याक, महिला वगैरेंचा विचार करा अशी विनंती करतं, बस. 2018 पासून मार्च 2025 पर्यंत नेमलेल्या 715 हायकोर्ट जजमध्ये अल्पसंख्याक 37, असं सरकारनेच संसदेत सांगितलंय. कमीच आहेत हो. पण किती नावं सुचवली गेली आणि कुठे अडली हे त्या आकड्यात नाही, म्हणून एवढ्यावरून 'मुद्दाम डावललं' म्हणू नका.

अडलं कुठे ते बघायला सुप्रीम कोर्टाच्या साइटवर कॉलेजियमचे ठराव वाचा, 2017 पासून टाकतात. बहुतेक कोरडे असतात, जानेवारी 2023 चे मात्र सोडू नका. मद्रास हायकोर्टासाठी सुचवलेले वकील जॉन सत्यन यांच्या ठरावात ते ख्रिश्चन आहेत, राजकीय कल नाही, असं लिहिलंय, आक्षेप कसला तर पंतप्रधानांवर टीका करणारा लेख शेअर केला! मुंबईच्या सोमशेखर सुंदरेसन यांच्यावरही सोशल मीडियावरच्या मतांचाच आक्षेप. कॉलेजियमने दोन्ही नावं पुन्हा सरकारकडे पाठवली, सुंदरेसन नोव्हेंबर 2023 मध्ये जज झाले, सत्यन यांचं नाव लटकलं. धर्मामुळेच लटकलं असं यातून सिद्ध होत नाही, पण सारख्या आक्षेपाला दोन निकाल का हे विचारायला जागा आहे, आणि मला विचाराल तर असे दोन ठराव शेजारी ठेवून बघणं हे शंभर आडनावं मोजण्यापेक्षा कामाचं.

दुसरी भानगड म्हणजे उमेदवाराच्याच मनात अढी असली तर. मद्रास हायकोर्टासाठी सुचवलेल्या वकील व्हिक्टोरिया गौरी यांच्यावर ख्रिश्चन आणि मुस्लिमांविरुद्ध बोलल्याचा आरोप होता, वकील कोर्टात गेले, पण 7 फेब्रुवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने याचिका फेटाळली, पात्रता आम्ही तपासू, लायक आहे की नाही ते नाही, आणि त्याच दिवशी शपथही झाली. म्हणजे नेमणूक निघाल्यावर धावून उपयोग शून्य. नाव कॉलेजियममध्ये असतानाच लिहा.

लिहिताना भाषणाची तारीख, जागा, पूर्ण व्हिडिओ द्या, व्हॉट्सअॅपवर फिरणारी तीस सेकंदांची क्लिप नको. 'अमुक धर्माचा आहे' हा आक्षेपच नव्हे, 'अमुक धर्माच्या लोकांबद्दल असं बोलला' हा आक्षेप. पाठवायच्या आधी नाईकच्या जागी फर्नांडिस किंवा शेख घालून तेच पत्र वाचा, मग सही कराल का बघा. पत्र मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तींना, प्रत सरन्यायाधीशांना, स्वतःच्या नावाने, रजिस्टर्ड पोस्टाने. निनावी पत्रं केराच्या टोपलीत जातात असंच धरून चाला.