कॉलेजचा खेळाडू एनबीएत टिकेल का? ड्राफ्टआधी घरबसल्या कसं पारखावं

२६ जानेवारी २०११. यूटामधल्या प्रोव्हो गावात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने तोवर एकही सामना न हरलेल्या सॅन डिएगो स्टेटला ७१-५८ असं लोळवलं. त्यातले ४३ गुण एकट्या जिमर फ्रेडेटचे. त्या मोसमात सामन्यामागे २८.९ गुण काढून तो अख्ख्या अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पहिला आला. हरलेल्या संघात दुसऱ्या वर्षाचा एक अबोल, लांब हातांचा मुलगा होता, कवाय लेनर्ड. त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं.

पाच महिन्यांनी ड्राफ्ट झाला, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचे, एनबीएचे, संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. फ्रेडेट दहावा गेला, लेनर्ड पंधरावा. पुढे फ्रेडेटची एनबीएतली सरासरी सहा गुणांवर थांबली. लेनर्ड २०१४ आणि २०१९ मध्ये, दोन वेगवेगळ्या संघांकडून, अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फ्रेडेट अदलाबदलीत सॅक्रामेंटोकडे आला होता, आणि लेनर्डला निवडून त्याच रात्री सॅन अँटोनियोला देऊन टाकणारा संघ होता इंडियाना. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने खेळायला आले ते नेमके हेच दोन संघ. तिकीट काढताना हे किती जणांच्या लक्षात आलं असेल, देव जाणे.

या दोघांमधला फरक आधी दिसू शकला असता का? सगळा नाही, पण बराचसा दिसला असता. त्यासाठी प्रश्न बदलावा लागतो. ‘पोरगा किती भारी आहे?’ असं विचारायचं नाही. ‘चेंडू त्याच्या हातात नसेल तेव्हा तो काय करतो?’ असं विचारायचं. कॉलेजात जो संघाचा राजा असतो, तो एनबीएत बहुतेक वेळा सातवा-आठवा गडी होतो. दोन फेऱ्यांत मिळून साठाच्या आसपास मुलं निवडली जातात, आणि त्यातल्या मोजक्यांभोवतीच पुढे संघ उभा राहतो. बाकीच्यांना दुसऱ्याच्या खेळात आपली जागा शोधावी लागते.

पायरी १ : याद्या बंद, वही उघडी

मे महिना आला की ‘कोण कितवा जाणार’ याच्या भाकितांचा, म्हणजे मॉक ड्राफ्टचा, पाऊस पडतो. ती वाचूच नका, निदान स्वतःचं पान लिहून होईपर्यंत तरी. एकदा ‘हा तिसरा जाणार’ असं वाचलं की त्याच्या चुकांतही आपल्याला गुण दिसायला लागतात.

एक खेळाडू निवडा. पानावर आधी त्याची जन्मतारीख लिहा. कॉलेजचं वर्ष नको, तारीखच हवी. ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण होणारी मुलं पात्र ठरतात, आणि अमेरिकन मुलाच्या शाळेला वर्ष उलटलेलं असावं लागतं. त्यामुळे एकाच यादीत १९ वर्षांचा कोवळा मुलगा असतो आणि २३ वर्षांचा पुरा बाप्याही असतो. जाहिरातींतून पैसे कमवायची मुभा २०२१ पासून मिळाल्यावर कॉलेजात रेंगाळणारे वाढलेत. २३ वर्षांच्या गड्याने १८ वर्षांच्या पोरांना खांद्याने ढकलून बास्केट केली तर त्यात नवल ते काय? ड्राफ्टच्या रात्री फ्रेडेट २२ वर्षांचा होता. लेनर्डला विसावं लागायला सहा दिवस बाकी होते.

पायरी २ : तीन अख्खे सामने, आणि नजर एकावरच

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. यूट्यूबवरच्या पाच मिनिटांच्या फितींत सगळेच मायकल जॉर्डन असतात. आपल्याला अख्खे सामने हवेत : एक तगड्या संघाविरुद्धचा, एक हरलेला, आणि एक मोसमाच्या सुरुवातीचा, म्हणजे मार्चपर्यंत पोरगा काही शिकला का ते कळतं. शितावरून भाताची परीक्षा करायची असली तरी शितं तीन ठिकाणची घ्यावीत.

सामना पहिल्यांदा मजेत बघा. दुसऱ्यांदा मात्र चेंडूकडे पाहायचंच नाही, फक्त आपल्या खेळाडूकडे पाहायचं. डोळा पुन्हापुन्हा चेंडूकडे धावतो, पहिले दोन-तीन सामने हा त्रास होणारच.

मी पानाच्या मधोमध उभी रेघ मारतो. डावीकडे आक्रमण, उजवीकडे बचाव. बचावाच्या वीस खेळी निवडून प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहितो : ‘वेळेत’, ‘उशिरा’ किंवा ‘झोपला’. समजा, आपला मुलगा उजव्या कोपऱ्यातल्या नेमबाजाला धरून आहे आणि समोरचा गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा गडी, मधून आत घुसला. आता त्याने दोन पावलं आत सरकून वाट अडवायला हवी, पण मान अशी ठेवून की कोपरा नजरेतून सुटणार नाही. चेंडू कोपऱ्यात गेला की परत धाव. शेवटची दोन पावलं तोकडी, गुडघे वाकलेले, एक हात वर. अननुभवी पोरगं इथे हवेत झेप घेतं. मग नेमबाज खोटी हुलकावणी देतो, एक टप्पा टाकून शेजारून निघून जातो आणि टाळ्या त्याला पडतात. सगळा प्रकार तीन सेकंदांचा. असे वीस प्रसंग लिहून झाले की माणूस बराचसा कळतो.

डावीकडे दोन गोष्टी टिपा. चेंडू आला की ठरवायला किती वेळ लागतो? लगेच पास, लगेच नेम किंवा लगेच आत घुसणं असेल तर उत्तम. चेंडू कुरवाळत उभा राहणारा मुलगा कॉलेजात खपतो, पुढे नाही. दुसरं म्हणजे, पास दिल्यावर तो काय करतो? कापून आत पळतो, कुणासाठी आडोसा धरतो, की कमरेवर हात ठेवून बघत बसतो?

माझा सगळ्यात आवडता पुरावा शून्य गुणांचा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मेरीलंडच्या लॉयोला संघाने डेव्हिडसन कॉलेजच्या, पुढे एनबीए गाजवणाऱ्या स्टेफन करीवर सामनाभर दोन-दोन गडी चिकटवले. करी आरडाओरडा न करता सरळ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. उरलेले चौघे तिघांविरुद्ध खेळले आणि डेव्हिडसनने ७८-४८ असा सामना खिशात घातला. करीचे गुण शून्य. त्या मोसमात सामन्यामागे २८.६ गुण काढून तोही देशात पहिलाच होता. फ्रेडेट आणि करी कागदावर भाऊभाऊ वाटतात, पण आपल्यावरच्या गर्दीचा फायदा दुसऱ्याला करून देणं करीला त्या वयातच कळलं होतं.

एक खबरदारी. संघ झोन खेळत असेल, म्हणजे गडी वाटून न घेता जागा वाटून घेत असेल, तर एकेकाचा बचाव झाकला जातो. २०१८ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या मार्विन बॅग्लीला मी माझ्या यादीत दुसरा ठेवला होता. सामन्यामागे २१ गुण आणि ११ रिबाउंड (हुकलेल्या नेमाचे चेंडू पकडणं), आणखी काय हवं? सॅक्रामेंटोनेही त्याला दुसराच घेतला, पुढे मोठा तारा झालेल्या लुका डॉन्चिचला सोडून. त्या मोसमात ड्यूकचा गडी-वार बचाव गळायला लागला आणि फेब्रुवारीत त्यांनी जवळपास पूर्णवेळ झोन धरला. मला शंका यायला हवी होती ती तिथेच.

पायरी ३ : आकडे, पण नेमके

आकडे सामने बघून झाल्यावर उघडा. स्पोर्ट्स रेफरन्सच्या कॉलेज विभागात जवळपास सगळं फुकट मिळतं.

सामन्यामागचे गुण बाजूला ठेवा. १८ मिनिटांत ९ गुण काढणारा आणि ३६ मिनिटांत १८ काढणारा, दोघे ४० मिनिटांच्या हिशेबाने २० वरच येतात. मग त्या गुणांसाठी किती संधी खर्ची पडल्या ते काढा. बास्केटच्या प्रयत्नांत फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या नेमांच्या) प्रयत्नांचे ०.४४ पट मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि तिने गुणांना भागा. १५ प्रयत्न आणि ५ फ्री थ्रो घेऊन १८ गुण काढणारा ५२ टक्क्यांवर येतो. ९ प्रयत्न आणि ४ फ्री थ्रोंत १४ काढणारा ६५ वर. दुसऱ्याचं नाव मथळ्यात येत नाही, पण संघांना तोच हवा असतो. अर्थात त्याच्यावर बचावाचा ताणही कमी असतो, तेवढी सूट पहिल्याला द्या.

तीन गुणांच्या, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून केलेल्या, नेमबाजीची टक्केवारी फसवी असते. कॉलेजचा मोसम पस्तीसेक सामन्यांचा. समजा १२० प्रयत्नांत ४२ पडले, म्हणजे ३५ टक्के. सहा चेंडू कड्यावर नाचून आत पडले असते तर ४० टक्के, सहा बाहेर गेले असते तर ३०. सहा चेंडूंवर कुणाचं भविष्य ठरवायचं? म्हणून शेजारचा फ्री थ्रोचा रकाना बघा. तिथे बचाव नाही, घाई नाही, अंतर ठरलेलं; हात किती स्थिर आहे ते स्वच्छ दिसतं. लेनर्ड दुसऱ्या वर्षी तीन गुणांचे ३० टक्केसुद्धा टाकत नव्हता, पण फ्री थ्रो ७५ च्या घरात होते. सॅन अँटोनियोच्या नेमबाजी प्रशिक्षकाने त्याची चेंडू सोडायची पद्धत बदलली आणि पहिल्याच एनबीए मोसमात तो ३७ टक्क्यांच्या वर गेला. बॅग्लीचे फ्री थ्रो होते ६३ च्या आसपास.

स्टील (समोरच्याचा चेंडू पळवणं) आणि ब्लॉक (टाकलेला नेम हवेतच अडवणं) हे रकाने लोक वाचतच नाहीत. हातांची चपळाई, अंदाज आणि उडी यांचा सगळा अर्क तिथे उतरतो. करी शेवटच्या मोसमात सामन्यामागे अडीच चेंडू पळवत होता, फ्रेडेट त्याच्या जवळपास निम्मे. बॅग्ली ६ फूट ११ इंचांचा, आणि सामन्यामागे एक ब्लॉकही भरत नव्हता. माझ्या पानावर हे लिहिलेलं होतं. वाचलं कुणी?

प्रतिस्पर्धी कोण होते तेही पाहा. पाटा विकेटवरच्या रणजी शतकाला निवड समिती देते तितकीच किंमत इथे दुबळ्या संघांविरुद्धच्या तिशीला द्यायची. बार्ट टॉर्विकच्या साइटवर फक्त तगड्या संघांविरुद्धचे आकडे वेगळे काढता येतात.

पायरी ४ : मैदान बदललं की काय बदलतं

कॉलेजात तीन गुणांची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, एनबीएत समोरून २३ फूट ९ इंचांवर. कोपऱ्यात मात्र एनबीएचीही २२ फुटांवर येते. म्हणून कोपऱ्यातून टाकणारा मुलगा लवकर रुळतो. समोरून टाकणारा असेल तर तो रेषेवर पाय टेकून टाकतो की दोन फूट मागून, हे सामना बघताना टिपून ठेवा.

शॉट क्लॉक, म्हणजे नेम टाकायची मुदत, ३० सेकंदांवरून २४ वर येतो. शिवाय एनबीएत कुणाला न धरता बचावाचा गडी बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही; कॉलेजात असा नियम नाही. कॉलेजचा उंच खेळाडू बास्केटखाली दीपस्तंभासारखा उभा राहून नाव कमावतो आणि इथे त्याला बाहेर चपळ गार्डसमोर यावं लागतं. उलट आत घुसणाऱ्या गार्डला कॉलेजात गर्दी आडवी येते आणि एनबीएत मोकळं रान मिळतं. त्याचे आकडे जरा उदारपणे वाचा.

पायरी ५ : मापं

मे महिन्यात शिकागोला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टच्या उमेदवारांची चाचणी, भरतं. तिथे बुटांशिवाय उंची, उडी आणि हातांचा पसारा मोजतात. आपल्याकडे दोर ‘वावां’त मोजत, तीच ही वाव : दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. उंचीपेक्षा हिला जास्त महत्त्व द्या. लेनर्ड बुटांशिवाय साधारण ६ फूट ६ इंच, पण वाव ७ फूट ३ इंच. मिशिगन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनला ‘आतल्यांसाठी बुटका, बाहेरच्यांसाठी जड’ म्हणत २०१२ मध्ये पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत ताटकळत ठेवलं. त्याची वाव ७ फूट १ इंच होती. २०१७ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

बाकीच्या कसरतींनी फार हुरळू नका. २००७ मध्ये केव्हिन ड्युरंटला ८४ किलोंची बेंच प्रेस एकदाही जमली नव्हती. आणि एकेका संघासमोरच्या खासगी चाचण्या म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. रिकाम्या मैदानात, बचावाला कुणी नसताना पोरगं छानच दिसतं. गुडघे, पाठ, जुनी दुखणी यांचे अहवाल फक्त संघांकडे असतात. ड्राफ्टच्या रात्री एखादा अचानक खाली घसरला तर संघांना हुशारी शिकवायच्या आधी हे आठवा.

पायरी ६ : एका वाक्यात नोकरी

आता पानाच्या तळाशी एक वाक्य लिहा : ‘हा मुलगा चांगल्या संघात पंधरा मिनिटं अमुक काम करेल.’ ‘कोपऱ्यातून तीन गुण टाकेल आणि समोरच्या मुख्य गार्डला धरेल’ हे चाललं. ‘गुण काढेल’ हे चालणार नाही, ते काम संघात आधीच कुणाकडे तरी असतं. वाक्य सुचत नसेल तर पायरी दोनवर परत जा.

क्रमवारीत सातवा की आठवा यावर डोकं फोडू नका, तीन-चार गठ्ठे करा : ज्याच्याभोवती संघ बांधता येईल, जो सुरुवातीच्या पाचांत बसेल, जो बाकावरून येऊन काम करेल, आणि ज्यावर फक्त नशीब आजमावायचं. २०११ चा साठावा, म्हणजे अगदी शेवटचा, खेळाडू होता ५ फूट ९ इंचांचा आयझेया थॉमस. सॅक्रामेंटोने फ्रेडेटच्याच ड्राफ्टमध्ये घेतलेला. २०१६-१७ मध्ये बोस्टनकडून त्याची सरासरी होती २८.९, फ्रेडेटच्या कॉलेजच्या सरासरीइतकी तंतोतंत. शेवटच्या गठ्ठ्यात कोणाला टाकलंय तेही म्हणून लिहून ठेवा.

ड्राफ्ट आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. आदल्या रात्री पानावर तारीख घाला आणि पेनानेच लिहा, पेन्सिलीने नको. मग तीन मोसम ते उघडू नका. एकोणीस वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ लागतोच. माझं २०१८ चं पान अजून वहीत आहे. बॅग्लीच्या बचावाच्या वीस खेळींपैकी सातपुढे ‘झोपला’ लिहिलंय, आणि तळाशी, माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं : ‘गुण काढेल.’