पाण्यात राहणाऱ्या पाळीव बेडकाची जखम आणि संसर्ग: आधी पाणी, मग औषध

शोभेच्या माशांच्या दुकानांत प्रामुख्याने दोन आफ्रिकी बेडूक दिसतात. एक जेमतेम दोन बोटे लांबीचा ड्वार्फ फ्रॉग आणि दुसरा तळहाताएवढा वाढणारा, मागच्या पायांना काळी नखे असलेला क्लॉड फ्रॉग. दोघेही जन्मभर पाण्यात राहतात, पण श्वास घेण्यासाठी वर येतात. त्यांची त्वचा इतकी पारगम्य असते की पाण्यात जे विरघळले असेल, मग ते क्लोरीन असो, अमोनिया असो किंवा माशांचे औषध, ते शरीरात शिरते. म्हणून बेडूक आजारी दिसला की औषधाच्या बाटलीकडे जाण्याआधी पाण्याची तपासणी करावी. अमोनिया आणि नायट्राइट (विष्ठा व उरलेल्या अन्नातून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्ये) शून्य हवेत. ड्वार्फ फ्रॉगसाठी तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस आणि क्लॉड फ्रॉगसाठी 18 ते 22 अंश असावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दुसरी अट पाळणे अवघड जाते आणि बहुतेक दुकानदार ती विकताना सांगत नाहीत.

जखमा बहुधा टाकीतल्या वस्तूंमुळेच होतात: धारदार दगड, फिल्टरचे उघडे तोंड, चावरे मासे, किंवा खाण्याच्या झटापटीत दुसऱ्या बेडकाने तोंडात धरलेले बोट. जखमी बेडूक वेगळ्या टाकीत हलवावा. दहा लिटरची साधी टाकी पुरते. तळाशी खडी नको, लपायला गुळगुळीत कडांचे मातीचे भांडे ठेवावे, आणि पाणी 15 सेंटिमीटरच्या आसपासच असावे, म्हणजे अशक्त प्राण्याला हवेसाठी फार पोहावे लागत नाही. झाकण घट्ट पण हवा जाईल असे हवे. उचलताना जाळी टाळावी, कारण क्लॉड फ्रॉगची नखे तिच्यात अडकतात. भांड्यात पाण्यासकट घेणे उत्तम. हात लावणे भागच असेल तर पावडर नसलेले, ओले केलेले हातमोजे घालावेत.

या टाकीतले निम्मे पाणी रोज बदलावे. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवल्यास क्लोरीन उडून जातो, परंतु जिथे पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे सहज न उडणारे संयुग) वापरले जाते तिथे ही युक्ती चालत नाही; तिथे ते निष्प्रभ करणारे, मत्स्यालयासाठीचे द्रव्य (वॉटर कंडिशनर) वापरावेच लागते. नवे पाणी जुन्याच तापमानाचे असावे. किरकोळ खरचटणे एवढ्यानेच बरे होते, आणि त्यामागे कारण आहे. मायकेल झासलॉफ या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की शस्त्रक्रिया झालेले क्लॉड फ्रॉग जंतूंनी भरलेल्या टाकीत परत सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. त्यातून 1987 मध्ये या बेडकाच्या त्वचेतली जंतुनाशक प्रथिनखंडे उजेडात आली आणि त्यांना मॅगेनिन हे नाव मिळाले. साबण, आयोडीनचे दाट द्रावण किंवा माणसांचे मलम चोळून आपण हीच नैसर्गिक ढाल खरवडतो. वेदनाशामक मलमातले बेंझोकेन तर बेडकाला बेशुद्ध करते, आणि मात्रा वाढली की मारते. प्रौढ बेडकाचे तुटलेले बोट पूर्ववत उगवत नाही, पण त्यावाचून त्याचे फारसे अडत नाही.

जखमेवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती सॅप्रोलेग्निया या पाणबुरशीची लक्षणे समजावीत. क्लॉड फ्रॉगला आयोडीन व इतर मिसळ नसलेल्या मिठाचे, लिटरला 4 ग्रॅम प्रमाणाचे पाणी जास्तीत जास्त 72 तास देता येते; तो तडफडला किंवा निपचित पडला तर लगेच साध्या पाण्यात न्यावा. नाजूक ड्वार्फ फ्रॉगवर हा प्रयोग पशुवैद्याला विचारल्याशिवाय करू नये. अख्खी कात पातळ पडद्यासारखी सुटून बेडकाने ती खाल्ली तर तो मात्र आजार नाही.

मांड्या आणि पोटाखालची त्वचा लाल होणे, अन्न सोडणे, मलूलपणा, ही ‘रेड लेग’ची चिन्हे आहेत. एरोमोनाससारखे जिवाणू रक्तात पसरल्याने ती दिसतात आणि इथे घरगुती उपाय थांबतात. उभयचर प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य प्रतिजैविक ठरवील. माशांची प्रतिजैविक पूड अंदाजाने पाण्यात टाकल्यास मात्रा अपुरी पडते आणि फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मरतात. अंग फुगणे हेही तातडीचेच लक्षण आहे. वारंवार कात टाकणे आणि त्वचा तुकड्या-तुकड्यांनी सोलणे यात कायट्रिड बुरशीची शंका घ्यावी. तिची खात्री तपासणीनेच होते आणि इट्राकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या पाच-पाच मिनिटांच्या रोजच्या स्नानांनी तिच्यावर उपचार होतो, तेही पशुवैद्याच्या देखरेखीखाली.

टाकीबाहेर उडी मारून वाळलेला बेडूक मेला असे गृहीत धरू नये. क्लोरीनरहित, उथळ पाण्यात नाकपुड्या वर राहतील असा ठेवून वाट पाहावी. खोल पाण्यात टाकल्यास अशक्त प्राणी बुडू शकतो.

जखम पूर्ण भरून, बेडूक नियमित खाऊ लागल्यावरच मुख्य टाकीत सोडावा, आणि ज्या वस्तूने इजा झाली ती आधी काढावी. आजारी टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत, ओढ्यात किंवा विहिरीत ओतू नये. कायट्रिड स्थानिक बेडकांनाही मारते. पाळीव ड्वार्फ फ्रॉगमुळे अमेरिकेत 2009 ते 2011 या काळात साल्मोनेला हे जिवाणू पसरून अनेक लहान मुले आजारी पडली होती, म्हणून टाकी साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्या कामापासून दूर ठेवावे.